बरणीतला लाल पट्टा

१

सोमवारी सकाळी प्रतापने अरुणा कीरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक बरणी ठेवली आणि तो दोन पावलं मागे सरकला.

बरणी काचेची, वीतभर उंच. आत स्पिरिट, स्पिरिटमध्ये बोटाएवढा एक मासा आणि माशाच्या पोटाशी टेकलेली कागदाची पट्टी.

"ताई, हा मासा बदललाय," प्रताप म्हणाला.

प्रताप मूळचा पुण्याचा, आता कॅनडात, मिसिसागात सॉफ्टवेअरमध्ये. 'टॅनर क्रीक मित्रमंडळ' नावाच्या छोट्या संस्थेचं चिटणीसपद त्याच्याकडे होतं. अरुणाचा या संस्थेशी संबंध नव्हता. विमानतळाजवळच्या एका कंपनीत ती नुकसानभरपाईचे दावे तपासायची. ट्रकमधला माल खरंच फुटला की फोडला, हे ठरवणं तिचं काम. पण त्याआधी मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात तिने बावीस वर्षं अशाच बरण्या सांभाळल्या होत्या. प्रताप तिच्याकडे आला तो त्या बावीस वर्षांसाठी.

त्याने फोनवर दोन फोटो दाखवले. पहिला तीन वर्षांपूर्वीचा. त्यात माशाची शेपटी अर्धी तुटलेली होती. दुसरा कालचा. शेपटी अखंड.

"शेपटी काही स्पिरिटमध्ये वाढत नाही," प्रताप म्हणाला.

"नाही वाढत. पण यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?"

प्रतापने खुर्ची ओढली. टॅनर क्रीक हा शहराच्या कडेचा ओढा. त्याच्यावर एका कंपनीला गोदाम आणि ट्रकसाठी आवार बांधायचं होतं, म्हणजे ओढा पाइपात घालायचा. त्याला आडवा येत होता फक्त हा मासा. रेडसाइड डेस. इथल्या थंड ओढ्यांमध्ये राहणारा, दिवसेंदिवस कमी होत चाललेला. नियम असा की गेल्या वीस वर्षांत तो जिथे मिळाल्याचा पुरावा आहे, त्या ओढ्याला हात लावता येत नाही. कंपनीच्या माणसांनी तीन वर्षं जाळी टाकली, त्यांना एकही डेस मिळाला नाही. टॅनर क्रीकमध्ये डेस होता याचा एकमेव पुरावा या बरणीत होता.

"गुरुवारी सुनावणी आहे. बुधवारी त्यांचा वकील बरणी बघायला येणार. बरणी चोरीला गेली असती तर निदान चोरीची तक्रार तरी करता आली असती. आता आम्हीच खोटे ठरणार."

अरुणाने चष्मा पुसला. "इथे ठेवून जा," ती म्हणाली. "आणि कोणाला काही बोलू नकोस."

२

प्रताप गेल्यावर तिने आधी बरणी न उघडता पाहिली. स्पिरिट अगदी स्वच्छ होतं. जुन्या बरणीतलं स्पिरिट माशाच्या तेलाने पिवळट होतं आणि दरवर्षी थोडं उडून जातं. ही गळ्यापर्यंत भरलेली होती.

मग तिने झाकण फिरवलं. झाकणाखाली जाड, पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा दुमडून बसवला होता. तिने तो उजेडात धरला. इथे दूध पिशव्यांमध्ये मिळतं, आतली पिशवी चांगली जाड असते. तिच्या कडेची शिवण तुकड्यावर दिसत होती. तिने काच हुंगली. स्पिरिटच्या वासाखाली लिंबाच्या साबणाचा वास होता.

चिमट्याने तिने कागदाची पट्टी बाहेर काढली. पट्टी जुनी, मऊ झालेली, मजकूर पेन्सिलचा. पेन्सिलचाच असायला हवा. स्पिरिटमध्ये शाई विरघळते. अशा पट्टीवर तीन गोष्टी लिहितात. जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. इथे तिन्ही होत्या: टॅनर क्रीक, पुलाखालचं डबकं. १९-१०-०८. आ. तुस्कानो.

पट्टी खरी होती.

शेवटी तिने मासा बशीत घेतला. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. तोंड मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, शरीर निमुळतं. डेसच होता, त्यात शंका नव्हती. भिंगाखाली डोक्यावर बारीक पांढरे खडे दिसले, खरखरीत कागदावर असतात तसे. आणि कल्ल्यांच्या मागे, कुशीवर, फिकट गुलाबी पट्टा.

अरुणाने भिंग खाली ठेवलं.

स्पिरिट सगळ्यात आधी लाल रंग खातं. बावीस वर्षांत तिने कितीतरी रंगीत मासे महिन्याच्या आत राखाडी झालेले पाहिले होते. सोळा वर्षांच्या माशाच्या अंगावर लाल रंग नावालाही उरत नाही. आणि डोक्यावरचे ते खडे नरांना विणीच्या हंगामात येतात, मेच्या शेवटी. पट्टीवर ऑक्टोबर होता.

हा मासा सोळा वर्षांपूर्वी मेला नव्हता. तो गेल्या आठ-दहा दिवसांत मेला होता.

३

मंडळाचं कपाट चर्चच्या हॉलखालच्या बेसमेंटमध्ये होतं. चाव्या तिघांकडे: प्रताप, संस्थापक आर्थर तुस्कानो आणि खजिनदार नायजेल. वसई-ठाण्याकडच्या मराठी कुटुंबांचा तो हॉल, मंडळाला त्या कपाटात दोन फळ्या मिळालेल्या.

नायजेल घरं विकायचा. तो अरुणाला एका रिकाम्या काँडो फ्लॅटमध्ये भेटला, गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे लावता लावता.

"मी सांगू का, मॅडम? मला तो ओढा गेला तरी चालेल," तो म्हणाला. "माझं ओपनच आहे. मी मीटिंगमध्ये म्हटलंय, सेटल करा, त्यांच्याकडून एक पार्क घ्या, बेंच टाका. आर्थर अंकलनी मला बाहेरच काढलं असतं, पण हिशोब दुसरं कोणी करत नाही."

"बरणी शेवटची कधी पाहिली?"

"गेल्या वर्षी, ॲन्युअल मीटिंगला. हातात घेतली होती. खरं सांगू? मला वाटलं, याच्यासाठी भांडतोय आपण? पोस्टरवर कसला लाल, एकदम हीरो. आणि हा राखाडी, सुकलेल्या बोंबलासारखा."

"त्यानंतर कपाट उघडलंत?"

"चोवीस मेला. फोल्डिंग खुर्च्या काढल्या." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला वाटतंय मी काहीतरी केलं?"

अरुणाने त्याच्या बुटांकडे पाहिलं. पांढरे होते, तळव्यापर्यंत पांढरे.

"तुम्ही डेस पकडू शकाल?"

"मॅडम, मी स्विमिंग पूलमध्येसुद्धा पायऱ्यांवर बसतो."

गाडीत बसल्यावर तिने वहीत एकच ओळ लिहिली. बरणी निकामी करायची असती तर नायजेलने ती उचलून कचऱ्यात टाकली असती किंवा आत दुसऱ्या जातीचा मासा घातला असता. इथे ज्याने मासा बदलला, त्याने त्याच जातीचा घातला होता.

हे शत्रूचं काम नव्हतं. कोणीतरी बरणी वाचवायला बघत होतं.

४

आर्थर तुस्कानो बहात्तर वर्षांचे. वसईत होते तेव्हा खाडीत जाळी टाकायचे, इथे येऊन तीस वर्षं एका कारखान्यात फोरमन. बेसमेंटमध्ये त्यांची टेबलं, जाळी, ओढ्याचे नकाशे. खुंटीला छातीपर्यंतचे रबरी बूट टांगलेले होते. त्यांच्या टाचांना लाल माती चिकटली होती.

अरुणाने बरणी पिशवीतून काढली. आर्थरनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"प्रताप काळजी करतो," ते म्हणाले. "तरुण आहे."

"हा मासा तुम्हाला मिळाला तेव्हा जिवंत होता?"

"नाही. पूर ओसरला, पुलाखालच्या डबक्यात अडकून मेलेला. मी जिवंत डेस कधी मारला नाही." ते थांबले. मग विषय बदलला, आणि बदललेल्या विषयावर मात्र भरभरून बोलले. "तुम्हाला माहितीय हा कसा खातो? बाकीचे मासे पाण्यातलं खातात. हा पाण्याबाहेर उडी मारतो. वर माशी उडत असते, हा खालून बघतो, आणि टप्! म्हणून त्याला काठावर वाकलेलं गवत लागतं. गवतावर माश्या. सावली लागते, थंड पाणी लागतं. अंडी घालायला स्वतः घरटं करत नाही, दुसऱ्या माशाने गोट्यांचं घरटं केलं की त्यात घालतो. भाडेकरू."

"कंपनीला तीन वर्षांत एकही मिळाला नाही."

"ते ऑगस्टमध्ये येतात. पुलाखाली, उन्हात. तिथे पाणी आंघोळीसारखं कोमट. डेस तिथे कशाला थांबेल?"

"मग कुठे थांबेल?"

आर्थरनी एक जाळं उचललं, त्याचा गुंता सोडवायला घेतला. जाळ्यात गुंता नव्हता.

"आता नाही कुठे," ते म्हणाले. "दोन हजार बारानंतर मी पाहिला नाही. म्हणून तर ती बरणी."

अरुणाने भिंतीवरचा नकाशा पाहिला. ओढ्याच्या प्रत्येक वळणावर टाचण्या होत्या. वरच्या टोकाला, जिथे बंद पडलेलं घोड्यांचं फार्म होतं, एकही टाचणी नव्हती.

"इथे काय आहे?"

"कुंपण. कंपनीने ते विकत घेतलंय. आत जायला बंदी."

"लाल माती कुठली?" तिने बुटांकडे बोट केलं.

आर्थर जाळ्याची घडी घालायला लागले. वरून हाक आली: "आर्थर! पाहुणी बाय चहाशिवाय चाललीय की काय?"

५

मेव्हिस तुस्कानोच्या स्वयंपाकघरात बसायला जागा करावी लागली. ओट्यावर, खिडकीत, फ्रिजवर बरण्याच बरण्या. बाटलीतला मसाला, लिंबाचं लोणचं, कोळंबीचं लोणचं.

"सणाच्या वेळचं उरलंय," मेव्हिस म्हणाली. "सव्वीस तारखेला आमच्या चर्चचा सण झाला ना. दीडशे माणसं जेवली. हे कोळंबीचं घेऊन जा. थांब, चाखून बघ आधी."

तिने झाकण उघडलं. झाकणाखाली जाड, पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा होता.

अरुणाने चमचा हातात घेतला, पण ती तुकड्याकडे बघत राहिली. "हे चांगलं करता तुम्ही."

"दुधाच्या पिशवीचं. सिरक्याने झाकण गंजतं गो. माझी सासू केळीचं पान घालायची, इथे कुठलं पान? सगळ्या झाकणांना घालते. आर्थर म्हणतो, हिला सोडलं तर चर्चच्या घंटेलाही घालेल."

"हॉलवरच्या स्वयंपाकाचं तुम्हीच बघता?"

"पंधरा वर्षं. आदल्या दिवशी आर्थरची चावी घेऊन सगळं कपाट बाहेर काढून धुवायचं, तेव्हा सणाचं भांडं आत जायचं. काय काय सापडतं, विचारू नकोस! ह्या पोरी बरण्या ठेवतात आणि विसरतात. या वेळी एक मासा सापडला. एकच! गेल्या सणाचा उरलेला असणार. झाकण उघडलं, तर नुसता दारूचा वास. म्हटलं सिरका फसला. आमच्याकडे ताडीचा सिरका नीट बसला नाही की अगदी असाच वास मारतो. आणि आत कागद, त्यावर काहीतरी तारीख. म्हटलं बघा, एक्स्पायरी डेटसुद्धा लिहून..."

"मेव्ही." आर्थर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "बस कर."

"का? टाकला तो सिंकखालच्या गार्बरेटरमध्ये, गेला दळून. बरणी चांगली होती, ती धुतली. तुझीच निघाली ना ती? तू आलास, म्हणालास काही हरकत नाही, माझ्याकडे दुसरा आहे."

मेव्हिसने अरुणाच्या पिशवीतून डोकावणारी बरणी तेवढ्यात पाहिली. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"आर्थर," ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे दुसरा होता ना?"

६

उत्तर अरुणाने दिलं. दाव्याचा अहवाल वाचून दाखवावा, तसं.

"मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. मासा बदलणाऱ्याने जुनी पट्टी जपून परत घातली. म्हणजे कोणाला काही कळू नये, अशी त्याची इच्छा. पण मग तो बरणी साबणाने कशाला धुईल? झाकणाला प्लास्टिक कशाला लावेल? तेव्हा हात दोन असणार. एका हाताला लपवायचं काहीच नव्हतं. त्याला बरणी सापडली, त्याने ती स्वच्छ केली, सवयीप्रमाणे बंद केली. दुसऱ्या हाताला सगळंच लपवायचं होतं. पण त्याला ते प्लास्टिक दिसलं नाही."

"दिसलं नाही," आर्थर म्हणाले.

"तुमच्या घरात प्रत्येक झाकणाखाली ते असतं. चाळीस वर्षं बघून बघून ते दिसेनासं झालं. दुसऱ्या कोणी ते काढून टाकलं असतं."

आर्थर खुर्चीवर बसले.

"पट्टी सिंकच्या कडेला सुकत होती," ते म्हणाले. "मी ती खिशात घातली. हिला काय सांगणार? सोळा वर्षांचं काम तू गार्बरेटरमध्ये घातलंस, असं? ऐन सणात? सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फार्मच्या कुंपणाखालून आत गेलो. खरं सांगतो, काही मिळेल असं वाटलं नव्हतं. तिकडचं गवत कोणी कापलेलं नाही, पार पाण्यावर लवलेलं. मी काठावर बसलो. आणि टप्. मग आणखी एक. चार-पाच जण उड्या मारत होते. लाल, अगदी कुंकवासारखे. बारा वर्षांनी."

"आणि?"

"मी रडलो. आणि मग जाळं टाकलं."

मेव्हिसने तोंडावर हात ठेवला.

"शाळेची मुलं यायची तेव्हा मी त्यांना दगड टाकू द्यायचो नाही," आर्थर म्हणाले. "दगडसुद्धा नाही. आणि मी स्वतः..." त्यांनी बरणीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आता तुम्ही काय करणार?"

"मी काही करणार नाही. मी पोलीस नाही." अरुणाने वही मिटली. "बुधवारी वकील आला आणि त्याने एखादा जाणकार बरोबर आणला, तर त्याला मला दिसलं ते पाच मिनिटांत दिसेल. मग बरणी बाद, तुमची सोळा वर्षं बाद आणि ओढा पाइपात. नाही दिसलं, तर बरणी टिकेल. कदाचित."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"तुम्ही ही बरणी सोळा वर्षांपूर्वी इथे डेस होता, हे दाखवायला भरलीत. त्या कामाची ती राहिलेली नाही." तिने बरणी त्यांच्यापुढे सरकवली. "पण आठ दिवसांपूर्वी इथे डेस होता, हे ती दाखवते. त्याला जुन्या पुराव्याची गरजच नाही. फक्त ते कोणालातरी सांगावं लागेल. कुंपण, जाळं, मारलेला मासा, सगळं. संरक्षित मासा मारणं गुन्हा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय."

 बोलली मेव्हिस.

"मी टाकला, मी सांगते."

"तू कचरा टाकलास," आर्थर म्हणाले. "मासा मी मारला."

७

मंगळवारी सकाळी आर्थरनी सरकारच्या वन्यजीव खात्याला फोन केला. अरुणा शेजारी बसली होती, पण तिला बोलावं लागलं नाही. दुपारी खात्याची एक बाई दोन माणसं घेऊन आली. तिने आर्थरची जबानी लिहून घेतली आणि परवानगीचा कागद दाखवून फार्मचं फाटक उघडायला लावलं.

प्रतापला संध्याकाळी कळलं. त्याने अरुणाला फोन केला.

"नऊ मिळाले, ताई! मोजून परत सोडले. दोन माद्यांच्या पोटात अंडी!" मग त्याचा आवाज बसला. "अंकलवर केस करणार आहेत."

"हो."

"त्यांना संस्थेतूनही राजीनामा द्यावा लागेल. कोर्टात उभं राहायला लागेल. या वयात. ताई, तुम्ही गप्प बसला असतात तर..."

"तर नऊ मासे कोणालाच माहीत नसते, आणि गुरुवारी काय झालं असतं ते नशिबावर," अरुणा म्हणाली. "बरणी माझ्याकडे तू आणलीस, प्रताप."



गुरुवारच्या सुनावणीत बरणी उघडलीच गेली नाही. कंपनीच्या वकिलाने स्वतःहून मुदत मागून घेतली. नायजेल मागच्या रांगेत बसला होता. बाहेर पडताना तो अरुणाला म्हणाला, "बेंच तरी टाकतील का हो?"

खात्याच्या बाईने बरणी पुरावा म्हणून मागितली होती. ती न्यायला बाई शुक्रवारी तुस्कानोंच्या घरी आली. अरुणाही होती, कारण बरणी सोपवताना नोंद नीट व्हावी, असं तिचं म्हणणं होतं.

"आतली पट्टी चुकीची आहे," अरुणा म्हणाली. "ती मासा बदलायच्या आधीची. हा मासा दुसरा. त्याला त्याची पट्टी हवी."

तिने पिशवीतून जाड कागदाचा तुकडा आणि पेन्सिल काढून आर्थरपुढे ठेवली. नियमाप्रमाणे जागा, तारीख, नाव.

मेव्हिस ओट्यापाशी पाठ करून उभी होती. समोर बरण्या होत्या, पण ती काहीच करत नव्हती.

आर्थरनी पेन्सिल बराच वेळ हातात धरली. मग लिहायला घेतलं, मोठ्या सुवाच्य अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी पट्टी अरुणाकडे दिली. तिने ती वाचली, खात्याच्या बाईला मजकूर इंग्रजीत सांगितला आणि जुनी पट्टी काढून ही चिमट्याने बरणीत सोडली. पट्टी तिरपी होत होत माशाच्या पोटाशी जाऊन टेकली. माशाच्या कुशीवरचा गुलाबी रंग आता जवळजवळ गेला होता.

टॅनर क्रीक, वरचं फार्म. २७-५-२४.
पकडणारा: आर्थर तुस्कानो.
मारणारा: तोच.